त्या दिवशी तीन डॉक्टर हजर होते

अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला तोंडावर सगळे मामा म्हणत आणि पाठ फिरली की भडकमामा. मामांना हे ठाऊक होतं, आणि त्यावर ते भडकत नसत. भडकायला त्यांच्याकडे याहून चांगली कारणं होती.

अठरा वर्षं ते हॉस्पिटलची गाडी चालवत होते. त्याआधी ट्रकवर होते. ट्रकमधला माल कण्हत नाही, एवढाच काय तो फरक, असं ते म्हणत. हॉस्पिटल शंभर खाटांचं. एक्स-रे होता, रक्त ठेवायचं कपाट होतं, भलंमोठं ऑपरेशन थिएटर होतं. नव्हता तो फक्त ऑपरेशन करणारा डॉक्टर. त्यामुळे जरा काही अवघड आलं की चिठ्ठी लिहायची, पेशंट मामांच्या गाडीत घालायचा आणि तीन तासांवरच्या मोठ्या हॉस्पिटलात धाडायचा. वाटेत तीन पूल लागत. कोण तिसऱ्या पुलाच्या पलीकडे जिवंत जाणार आणि कोण नाही, हे मामांना आताशा चेहरा बघूनच कळायचं. हे कळणं त्यांना नकोसं झालं होतं. परत आल्यावर गाडीचा मागचा भाग ते स्वतःच्या हातांनी धूत, दुसऱ्या कुणाला शिवू देत नसत. अठरा वर्षांत ती गाडी रस्त्यात एकदाही बंद पडली नव्हती.

दोन वर्षांमागे सरकारने जाहीर केलं की अशा हॉस्पिटलांना सहा-सहा निवासी डॉक्टर द्यायचे. पगार सरकार देणार. तीन वर्षं ते इथेच राहून शिकणार आणि शिकता शिकता इथलेच पेशंट बघणार. ती बातमी मामांनी कापून समोरच्या काचेपाशी खोचून ठेवली. पुढे घोडं अडलं ते असं, की शिकणारे डॉक्टर हवे असतील तर शिकवणारे दोन मोठे डॉक्टर आधी दाखवा, असा नियम निघाला. आणि मोठे डॉक्टर म्हणत, जिथे हाताखाली कुणीच नाही तिथे रात्रंदिवस एकट्याने मरायला आम्ही कशाला येऊ? दोन वर्षं नुसते कागदी घोडे नाचले. पैसा मंजूर होता आणि मामा पुलांवरून जात-येत होते.

अखेर डॉक्टरांच्या या जागा द्यायच्या की नाहीत हे बघायला तपासणी समिती येणार असं ठरलं. अधीक्षकांच्या तोंडचं पाणी पळालं. मोठ्या डॉक्टरांसाठी जाहिरात दिली होती, पण अर्ज एकही नव्हता. निदान बाकीची तयारी बघून समिती सांभाळून घेईल, या आशेवर त्यांनी थिएटरचं गंजलेलं कुलूप काढलं, सिलिंडर भरले, हिरव्या चादरी मागवल्या, कपाटात रक्त आणून ठेवलं. मामांनीसुद्धा दाढी करून इस्त्रीचा गणवेश घातला.

समितीत तिघं होती. अध्यक्ष सर्जन, दुसरे भूल देणारे, तिसऱ्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई. सकाळी अकराला ती अधीक्षकांच्या खोलीत चहा घेत फॉर्म भरत बसली होती, आणि त्याच वेळी आवारात एक रिक्षा येऊन थांबली. आतली बाई अडली होती. त्या वेळी ड्युटीवर डॉक्टर म्हणून होती ती एक कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेली मुलगी, तिला सगळे धाकट्या डॉक्टर म्हणत. तिने बाईला तपासलं. रक्त जात होतं, बाळाचे ठोके मंदावत होते. पोट उघडायला हवं होतं, आणि ते तिला शिकवलेलंच नव्हतं. तिने चिठ्ठी लिहिली.

मामांनी बाईचा चेहरा पाहिला. मग त्यांनी धाकट्या डॉक्टरांना एवढंच विचारलं, की पोचेल का? तिने मान खाली घातली.

मामांच्या डोक्यात तिडीक गेली. चिठ्ठी घेऊन ते तडक अधीक्षकांच्या खोलीत शिरले. चिठ्ठी त्यांनी फॉर्मांवर ठेवली आणि गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात घातली.

"मी गाडी काढणार नाही," ते म्हणाले. "जे डॉक्टर गाठायला तीन तास जायचं, ते इथे चहा पितायत."

अधीक्षक त्यांना बाहेर काढायला उठले. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि समजावलं, की आम्ही तपासणीला आलोय, इथे ऑपरेशन करायचा आम्हाला अधिकार नाही.

"अधिकार नसू दे. हात आहेत ना?"

डॉक्टरीणबाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं आणि थिएटर कुठे आहे ते विचारलं. त्यांच्यामागून, नाइलाज झाल्यासारखे, भूलवाले डॉक्टर उठले. अध्यक्ष फॉर्म भरत राहिले.

तपासणीसाठी मांडून ठेवलेलं सगळं त्या दिवशी खरोखर वापरलं गेलं. पाऊण तासाने बाळ रडलं. आईही वाचली. मामा थिएटरच्या दाराशी उभे होते. सहा निवासी डॉक्टर आले की रोज असंच होईल, असं त्यांना वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले. बाहेर येताना डॉक्टरीणबाई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

दीड महिन्याने एकाच पाकिटातून दोन कागद आले. पहिल्यात जागा नाकारल्या होत्या. कारण असं, की तपासणीच्या दिवशी शस्त्रक्रिया करू शकणारा एकही डॉक्टर रुग्णालयात हजर नव्हता. खाली तीन सह्या. मामांनी तिसरी सही पुन्हा पुन्हा पाहिली. ती डॉक्टरीणबाईंचीच होती.

दुसरा कागद मामांसाठी होता. पेशंट पुढे पाठवण्याचा लेखी आदेश असताना गाडी का काढली नाही, याचा खुलासा करा.

मामांनी तिथेच उभ्याउभ्या एक ओळ लिहिली: त्या दिवशी हॉस्पिटलात तीन डॉक्टर हजर होते.

अधीक्षकांनी ते वाचून कपाळाला हात लावला. हे वर गेलं तर समिती खोटी ठरेल, पुढच्या वर्षी जागा मिळायची उरलीसुरली आशाही जाईल आणि तुमची नोकरीही, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. शेवटी हात जोडून म्हणाले, "मामा, गाडी बिघडली होती असं लिहा. विषय संपेल."

मामा ओरडले नाहीत, आणि त्याचीच अधीक्षकांना जास्त भीती वाटली.

"साहेब, अठरा वर्षांत इथे न बिघडलेली एकच गोष्ट आहे," मामा म्हणाले. "तिच्यावर नाही ढकलायचं."

त्यांनी ओळीखाली सही केली, तारीख घातली आणि कागद अधीक्षकांच्या हातात दिला. एवढ्यात धाकट्या डॉक्टर दारात आल्या. हातात नवी चिठ्ठी होती. चौदा वर्षांचा मुलगा, पोटात आतडं फुटलेलं.

मामा बाहेर आले. मुलाचा चेहरा त्यांनी मुद्दाम पाहिला नाही, आणि गाडी चालू केली.