सरकारी सूज

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत माणसांपेक्षा गुरांना जास्त ओळखणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका आमचा शेजारी होता. हे आमचे गुरांचे डॉक्टर. रस्त्यात कुणी भेटलं की आधी "तांबडी कशी आहे?" असं विचारीत, घरच्या मंडळींची चौकशी वेळ उरला तर. माझीही ओळख त्यांनी एकदा मामलेदारांना "हे गुरं न पाळणारे" अशी करून दिली होती.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. गुरांमधला क्षय शोधायचं काम त्यांच्याकडे आलं आणि कातडीची जाडी मोजायचा एक चिमटा त्यांच्या खिशात कायमचा वस्तीला आला. जनावराच्या मानेत औषध टोचायचं, तिसऱ्या दिवशी जाऊन ती जागा मोजायची. चांगली सुजली असेल तर रोग आहे. पण चिमट्याची सवय वाईट. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी पुरणपोळी मोजून 'संशयास्पद' असा शेरा दिला. न्हावऱ्याला सोसायटीच्या चेअरमननी आपल्या गाईला हार घालून टोचणीचं उद्घाटन ठेवलं. भाषण रंगात आलं असताना डॉक्टरांनी मान मोकळी हवी म्हणून हार काढला आणि ठेवायला दुसरी जागा दिसेना, तेव्हा चेअरमनच्याच गळ्यात घातला.

त्यांचं खरं वैर मात्र हळदीशी. जनावराची मान सुजलेली पाहून घरची बाई स्वस्थ कशी बसणार? डॉक्टर सायकल हाणत पोचेपर्यंत ती जागा हळद-चुना लावून, शेकून, चोळून अशी झालेली असे की मोजायचं काय, हाच प्रश्न.

"लई फुगलं व्हतं, डाक्टर. म्या शेकलं. आता बगा, हाय का काय?"

"मावशी, ती सूज सरकारी होती! सरकारी सुजेला हात लावायचा नाही!"

"मंग सरकारनंच सोसावी की!"

पुढे आठवड्याच्या बाजारात कुणीतरी टोमणा मारला, "आमची गुरं टोचता, आन् तुमची गौरी काय सोवळ्यातली हाय व्हय?" गौरी ही डॉक्टरांच्या दारातली गाय. ती हल्ली खोकत होती, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच संध्याकाळी त्यांनी तिला टोचलं.

तिसऱ्या दिवशी चिमटा घेऊन ते गोठ्यात गेले, मागोमाग आम्ही शेजारी. गौरीची मान पिवळीधमक. दारात डॉक्टरांची बायको, आमच्या काकू, उभ्या होत्या.

"कुणी शेकलं?"

"मी," काकू म्हणाल्या. "सूज असेल तुमच्या सरकारची. गाय माझी आहे."

लगेच टोचून खरं कळत नाही म्हणून काही महिने थांबून डॉक्टरांनी पुन्हा टोचलं. या वेळी काकू गोठ्याकडे फिरकल्या नाहीत. डॉक्टरांनी मोजलं, चिमटा पुसून खिशात ठेवला आणि गौरीला स्वतःच्या हाताने सोडून आजारी गुरांसाठी लांब माळावर राखलेल्या गोठ्यात पोचवून आले. त्यांच्या घरी चहा पुष्कळ दिवस बिनदुधाचा होत असे.

त्यानंतर एकदा मी त्यांच्याबरोबर दौंडच्या बाजूला गेलो होतो. एका म्हातारीने तेच केलं होतं. म्हशीची मान हळदीने माखलेली. आता गर्जना होणार म्हणून मी मागे सरकलो. डॉक्टरांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला.

"शेकलंत होय, मावशी?" ते म्हणाले. "बरं वाटलं असेल तिला. पुन्हा येईन मी."