साच्याच्या दांड्यावरची मूठ

ती घटना आजही डोळ्यांसमोर येते तेव्हा आधी माझी मलाच लाज वाटते, आणि मग दोन माणसांचे उपकार आठवतात. एक म्हातारा कारागीर आणि दुसरा माझा जमादार. त्या दोघांनी मला एका मोठ्या पापातून वाचवलं, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो.

मी तेव्हा कर्नाटकात, निपाणीकडच्या एका ठाण्यात पीएसआय होतो. ऊसतोडीचे दिवस होते. रानडुकरासाठी कुणीतरी झाडलेली गोळी फडात काम करणाऱ्या एका मजुराच्या मांडीत घुसली. गोळी शिशाची होती, घरच्या घरी ओतलेली. चार दिवसांनी खबर मिळाली की सीमेलगतच्या माळावर एका शेडमध्ये गावठी बंदुका आणि गोळ्या तयार होतात. आम्ही छापा घातला, पण माणसं आधीच पसार झाली होती. हाती लागलं ते थोडं शिसं, एक चूल आणि गोळ्या ओतायचे दोन साचे. साचे चिमट्यासारखे होते. दोन्ही हातांनी मिटवून धरायचे म्हणून त्यांना लाकडी दांडे बसवले होते. दांडे नवेकोरे, आणि प्रत्येकावर लाखेच्या दोन तांबड्या रेघा.

पंचनामा चालू असताना जमादार त्या रेघांकडे बघत राहिला. "सायेब, ह्या रेघा आमच्या भागात एकच मानूस वडतोय," तो म्हणाला.

तो माणूस म्हणजे जवळच्या खेड्यातला एक कातारी. लाकूड कातून पाळण्याचे खांब, लाटणी, विळ्याचे दांडे करणारा. तासाभरात त्याला ठाण्यात आणलं. सत्तरीकडे झुकलेला, अंगावर लाकडाचा भुसा तसाच. मी साचा टेबलावर आपटला.

"दांडं माझंच हाईत," तो लगेच म्हणाला.

"कशाचा साचा आहे हा, माहीत आहे?"

"मासं धरायच्या जाळ्याला शिसं लावत्यात न्हवं, त्याचा. त्यो मानूस तसंच म्हनाला. गोल गोल खड्डं बगून मला बी खरं वाटलं."

"कोण माणूस? कसा होता दिसायला?"

"तोंडाला फडकं हुतं, सायेब. तंबाखूच्या वखारीतनं आलोय म्हनाला."

इथेच मी चुकलो. आमच्या भागात तंबाखूच्या धुळीमुळे माणसं नाकातोंडाला फडकं बांधूनच फिरतात, त्यात नवल काही नाही. पण मला वाटलं, म्हातारा पढवलेलं बोलतोय. वरून सारखे फोन येत होते. जखमी मजूर दवाखान्यात, पेपरात बातमी, आणि आरोपी एकही नाही. आयता एक माणूस समोर बसला होता, तोही कबूल करून. तीन वेळा मी तोच प्रश्न विचारला, तिन्ही वेळा आवाज चढवून. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं. मग मी त्याला बाकावर बसवलं आणि रायटरला अटकेचे कागद करायला सांगितले. शस्त्र कायद्याखाली.

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. ती रडली नाही की पाया पडली नाही. दारात उभी राहून म्हणाली, "सायेब, ह्यांच्या पाळण्यात आमचं निम्मं गाव झोपलंया. उद्या बंदुकीच्या गोळ्यांत ह्यांचं नाव आलं, तर आमचा पाळना कोन घरात न्हेईल?"

"ते कोर्टात सांगा," मी म्हणालो. हे वाक्य मी नोकरीत किती वेळा वापरलं असेल कोण जाणे. त्या दिवशीचं मात्र अजून टोचतं.

जमादाराने तिला चहा दिला आणि तो मुद्देमालाला चिठ्ठ्या बांधायला बसला. एक साचा त्याने सहज दोन्ही मुठींत धरून बघितला, मग माझ्याकडे आणला. "सायेब, एवढा कसबी मानूस, पन उजवा दांडा हातात बसत न्हाय बगा."

मी धरून पाहिला. खरंच, बोटांखाली फुगीर भाग नको तिथे येत होता.

बाकावरचा म्हातारा उठून उभा राहिला. दिवसभर खाली मान घालून बसलेला माणूस, आता त्याचा चेहरा लाल झाला होता. "माझा दांडा वाकडा न्हाय, सायेब. तुमचा हात येगळा हाय. मी गिऱ्हाइकाच्या मुठीत वल्ली माती दाबून माप घेतो, मग दांड्याला फुगीर पोट काढतो. त्या मानसाच्या उजव्या हाताला आंगठ्याजवळच्या बोटाचं शेवटचं पेर न्हवतं. म्हनून पोट मागं घेतलंया."

माझ्या तोंडून निघालं, "हे सकाळपासून का नाही सांगितलं?"

"तुमी तोंड इचारलासा. तोंड मी बगितलं न्हवतं."

अटकेचा कागद लिहून टेबलावर होता, फक्त माझी सही राहिली होती. मी तो फाडला.

पुढचं काम साधं पोलिसी होतं. साचा कुठल्यातरी यंत्रावर कोरलेला होता, म्हणजे कारखान्यातला हात. बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही लेथवाल्यांकडे एकच चौकशी केली, उजव्या हाताच्या बोटाचं पेर गेलेला कुणी? सहाव्या दिवशी नाव मिळालं. पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये बोट गेल्यावर काम सुटलेला, चाळिशीचा माणूस. तो आधी ठाम नाही म्हणाला. मी त्याच्यावर हात टाकला नाही, साचा समोर ठेवला आणि धर म्हणालो. त्याने धरला, आणि चारही बोटं दांड्यावर अशी बसली की त्याने स्वतःच खाली बघितलं. कायद्यापुढे ही मूठ काही मोठा पुरावा नव्हे. पण त्याला ती पुरली. पाणी मागून त्याने सगळं सांगितलं, आणि पंचांसमक्ष आणखी दोन साचे, तीन बंदुका आणि त्याचे साथीदार दाखवले.

दोषारोपपत्र तयार झाल्यावर मी कातारी आणि त्याच्या बायकोला ठाण्यात बोलावलं. माझं चुकलं, असं मी जमादारासमोर, वर्दीत असताना त्यांना सांगितलं. म्हातारा एवढंच म्हणाला, "तुमी शेवटी इचारलं, सायेब. इचारलं न्हसतं तर म्या तरी काय केलं असतं?"

मला तेव्हाही माहीत होतं की मी विचारलं नव्हतं. जमादाराच्या हातात दांडा बसला नाही, म्हणून ते बाहेर आलं. खरं बोलणाऱ्या माणसाला आपल्या माहितीतलं नेमकं काय पोलिसांच्या कामाचं आहे, हे ठाऊक नसतं. ते शोधायचा पगार मी घेत होतो आणि वेळ ओरडण्यात घालवत होतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी जबाब घेताना माणसाला आधी त्याच्या कामाबद्दल बोलू दिलं. हे मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नाही, त्या कातारी आणि जमादाराकडून मिळालं.

माफी मागितली त्या दिवशी दोषारोपपत्राचा कागद कन्नडमध्ये होता, कातारी आणि त्याच्या बायकोला वाचता येईना. आरोपींची नावं मी एकेक करून वाचली आणि मराठीत सांगितली. कातारीची बायको प्रत्येक नावाला मान हलवत होती. मग साक्षीदारांची यादी घेतली आणि तिच्या नवऱ्याचं नाव वाचलं.

"म्हंजे त्या पयल्या यादीत ह्ये न्हाईत न्हवं?" तिने विचारलं.

"नाहीत, आक्का."

तिने कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "पयली यादी परत एकदा वाचा."

मी परत वाचली, सावकाश, शेवटच्या नावापर्यंत.