मोजा घालायची वेळ

आमच्या ह्यांना लूमच्या खात्यात सगळे भाईदासकाका म्हणतात. मी नाव घेत नाही, उगीच कशाला! पण माणूस असा, की बारा तास उभ्या उभ्या बारा मशिनी सांभाळतील आणि घरी येऊन 'पाय दुखतो' एवढंही बोलणार नाहीत. शिरपूरकडून बमरोलीला कापडाच्या कारखान्यात येऊन चोवीस वर्षं झाली. त्यातली निम्मी तरी रातपाळीत गेली.

डाव्या पोटरीवरच्या शिरा गांडुळासारख्या वर आल्या, पाय सुजायला लागला. मग घोट्याजवळ जखम झाली, ती काही केल्या भरेना. शेजारच्या गणपतभाऊंचा पाय असल्याच जखमेपायी गुडघ्याखाली कापला. आता ते दिवसभर दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारतात. त्यांच्या दारावरून जाताना मी तिकडे न बघता झपझप चालायची.

उधन्याच्या डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंतचा घट्ट मोजा लिहून दिला. इतका आवळ, की चढवताना दोघांचा घाम निघायचा. बाहेर पेशंटची रांग होती. डॉक्टर घाईघाईत म्हणाले, सकाळी घालायचा, रात्री काढायचा, एक दिवस चुकवायचा नाही. मी ते पक्कं डोक्यात ठेवलं.

हे सकाळी आठला पाळीवरून यायचे. चहा झाला की मी मोजा चढवायची, मग ते झोपायचे. संध्याकाळी डबा भरला की मी मोजा काढून घ्यायची आणि धुवून दोरीवर टाकायची. एकदा हे म्हणाले, "अगं, झोपेत बोटं बधिर होतात. हा कामावर घालायचा असेल."

मी अशी भडकले! "डॉक्टर तुम्ही का ते? सकाळी म्हणजे सकाळी. गणपतभाऊंसारखं दारात बसायचंय का?"

बिचाऱ्यांनी गुपचूप पाय पुढे केला.

महिनाभरात रुपयाएवढी जखम तळहाताएवढी झाली. कडा काळ्या पडल्या, वास यायला लागला. तरी मोजा चुकवला नाही, मायवं, एक दिवस नाही!

शेवटी परत दवाखाना गाठला. पट्टी सोडताच डॉक्टरांचा चेहरा उतरला. "मोजा पहनता है ना?"

मीच पुढे होऊन म्हटलं, "रोज. सकाळी आठला मी स्वतः घालते."

"और सोता कब है?"

"मोजा घातल्यावर. रातपाळी आहे ना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. झोपताना पाय करकचून बांधलेला आणि बारा तास उभं राहताना मोकळा. मोजा होता तो उभं असताना पायात रक्त साचू नये म्हणून, आणि सगळं उलटं करून ठेवलं होतं मी. डॉक्टर म्हणाले, आता मोजा नको, रातपाळी बंद, पाय उशांवर उंच ठेवा. आठ दिवस बघू, काळं वर चढलं तर कापावा लागेल.

हे पटकन म्हणाले, "चूक माझी आहे साहेब. मी हिचं ऐकलं नाही."

खोटं! साफ खोटं!

घरी येऊन हे खाटेवर टेकले आणि तो पाय माझ्यापुढे केला. "सांग, आता कसं करायचं? तू म्हणशील तसं."

मी उशा आणल्या. एक ठेवली, दुसरी ठेवली. डॉक्टरांनी किती सांगितल्या होत्या, दोन की तीन? आठवेना. काही केल्या आठवेना. पाय तसाच त्यांच्या हातात दिला आणि दवाखाना बंद व्हायच्या आत मी अनवाणी धावत सुटले.