जुनं आडनाव आणि दारातला तांब्या

आमच्या घरच्या कागदांवर आमचं आडनाव चार तऱ्हेनं लिहिलंय. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर एक, रेशन कार्डावर कानडीत दुसरं, आधारवर इंग्रजीत तिसरं आणि माझ्या नोकरीच्या ऑर्डरीवर तर असं काही, की वाचून मलाच वाटतं, ही बाई कोण? लेकीला माझंच आडनाव लावलंय; तिच्या जातीच्या दाखल्यासाठी गेले तर कारकून म्हणाला, "अक्का, ही चार माणसं हायत का एक?" मी म्हणाले, "लिहिलंय तुम्हीच, तुम्हीच सांगा." तिसरा हेलपाटा होता. डोकं तापलेलंच होतं.

शेवटी पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या वेळचा एक उर्दू कागद सापडला. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या म्हाताऱ्या चाचांकडून तो वाचून घेतला. त्यावर पाचवंच नाव निघालं. ते मी इथं लिहिणार नाही. मेलेली ढोरं ओढणाऱ्यांना गावानं चिकटवलेलं नाव ते. बौद्ध झालो तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीनं ठरवलं होतं, हे नाव आपण घ्यायचं नाही आणि दुसऱ्या कुणी घेतलं तर ऐकून घ्यायचं नाही.

चाचा कागदाची घडी घालत म्हणाले, "बाई, ये नाव का एक घर अभी बी हाय. ठाणाकुशनूरला."

मी चाचांना गावाचं नाव पुन्हा विचारून घेतलं. कारण आमच्या घरात एक माणूस कमी आहे. आत्याचा थोरला भाऊ. गल्लीनं नाव बदलायच्या कितीतरी आधी, लहानपणीच दगड फोडायच्या कामावर गेला. मागं दंगलीच्या धामधुमीत आजोबांनी गाव सोडलं आणि जनवाड्याला येऊन राहिले. तो परत आला असेल तर कुणाच्या दारात? आत्या तरणीपणीच विधवा होऊन माहेरी आली ती आमच्यातच राहिली. आज पंचाऐंशीच्या पुढं असेल. दुपारी दारात पावलं वाजली की अजून उठून बसते. बघावं तर कुणी नसतं. मला त्याचं भारी भ्या वाटतं, खोटं कशाला सांगू?

आणि तिचा तो तांब्या! रोज जेवणं झाली की पाण्यानं भरून, वर वाटी झाकून उंबऱ्यापाशी ठेवते. "आल्यागेल्याला असू दे." घरात फ्रिज आहे, आत्या, म्हटलं की माझ्यावरच खेकसते. आम्ही हसायचो.

आत्याला सांगून मी ठाणाकुशनूरला निघाले तेव्हा तिनं माझा हात धरला. "जायलीस तर बघ. त्यो हाय का न्हाई, एवढं मला मरायच्या आधी कळू दे."

ठाणाकुशनूरला दार उघडलं ते माझ्याच वयाच्या एका बाईनं. मागं भिंतीवर हार घातलेला फोटो होता. कान हुबेहूब माझ्या वडिलांचे. मी उंबऱ्यातच बसले.

"अप्पा जाऊन सा वर्षं झाली," ती म्हणाली. तिनं चहा ठेवला आणि मग सांगितलं. तरुणपणी अप्पा घरच्यांना हुडकत जनवाड्याला गेले होते. एका दारात विचारलं. बाप कोण, आई कोण, सांगायचंच होतं. पण आधी आडनाव निघालं. गल्लीनं नाव बदललंय हे त्यांना काय ठाऊक? आतली तरणी बाई भडकली. "ह्या नावाचं हितं कुणी न्हाई. पुन्हा येऊ नगा," म्हणाली आणि दार लावलं. चेष्टा करायला आलाय असं तिला वाटलं असणार. अप्पा उन्हात तसेच फिरले आणि वेशीबाहेर ओढ्यावर पाणी प्याले.

"ती बाई अप्पांच्या आईसारखी बोलत हुती, असं म्हणायचे," ती म्हणाली. "मरेपर्यंत म्हणायचे."

परतीच्या बसमध्ये मी ठरवून टाकलं, आत्याला हे सांगायचं नाही. लेकीच्या दाखल्याचा तर विसरच पडला होता.

आत्या उंबऱ्यापाशीच बसलेली होती, शेजारी तांब्या. "सापडला का?"

"न्हाई आत्या. त्या नावाचं तिथं कुणी न्हाई."

तिनं तांब्यावरची वाटी नीट बसवली. मग म्हणाली, "असंच मीबी एकाला म्हणले हुते. त्याला पुरतं बोलूबी दिलं न्हाई. कोण हुतं गं, म्हणून आईनं आतून इचारलं. कुणी न्हाई, म्हणले."

मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्याजवळ बसले.

"आपल्या लोकाला जल्मभर कुणी पाणी दिलं न्हाई," ती म्हणाली, "आन् मी दारात आलेल्याला पाणी इचारलं न्हाई. एवढ्या उनात कुठं पाणी पिला असंल गं त्यो?"

"ओढ्यावर," मी बोलून गेले.

आत्यानं मान हलवली. "म्हंजे त्यो आता यायचा न्हाई," म्हणाली. भिंतीला धरून उठली, वाटी काढून पाणी दाराबाहेर ओतलं आणि रिकामा तांब्या आत घेऊन गेली.