काळ्या फडक्याखालची अक्षरं

घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. तेव्हा कोणाविषयी लिहायला बसणं हे माझ्याकडून जरा जास्तच होतंय, वाचणाऱ्यांनी क्षमा करावी. पण चाचांबद्दल खरं काय ते लिहू शकेल असं दुसरं कोणी नाही.

वाशीमच्या तहसीलसमोर चाचांचं टायपिंगचं दुकान होतं. अर्ज टाइप करता करता ते गिऱ्हाइकाशी बोलत, पान खात, रस्त्यावरच्या माणसाला शिव्या देत. मशीनकडे मात्र कधी पाहत नसत. मी रिठद गावचा; आम्हा आठ जणांना शिकवताना ते बटणांवर काळं फडकं टाकत. कोणी फडकं उचललं की बोटांवर लोखंडी पट्टी बसे. "काहून रे, डोयानं टाइप करतं का? वीस वर्सं झाले, म्या बटन पायलं नाही!"

पुढे त्यांच्या मशीनचे भाग मिळेनासे झाले. नवी मशीन आणली, तर कंपनीने अक्षरांच्या जागाच बदललेल्या. चाचांनी पहिली ओळ टाइप केली आणि कागदावर भलतंच उमटलं. तो अर्ज नेणारा शेतकरी हसला. चाचांनी आठ दिवस दुकान बंद ठेवलं.

उघडलं तेव्हा मशीन जुन्यासारखी चालत होती. त्यांनी आतले अक्षरांचे खिळे एकेक सोडवून जुन्या जागी डाग देऊन बसवले होते. बटणांवर नवी अक्षरं, कागदावर जुनी. वर फडकं असल्याने आम्हाला फरक कळला नाही.

मी एकदा फडकं उचललं, तर बटणावर एक अक्षर आणि कागदावर दुसरंच. पट्टी खाल्ली, पण विचारलंच, "चाचा, टायपिंगच्या सरकारी परीक्षेत नवी मशीन असली तर?"

"मशीननं माह्यं आयकाव. म्या मशीनचं कायले आयकू? अन् इतक्या लोकायची बोटं सरकार वाया जाऊ देते का? जुनीच देतीन."

तहसिलातल्या कारकुनाकडे नवी मशीन होती. त्याच्या घरचं दळण आणून देण्याच्या बोलीवर मी रविवारी तिच्यावर सराव केला. बाकी सातांना सांगितलं नाही. टायपिस्टच्या जागा दोनच भरायच्या होत्या, असं मी स्वतःला सांगत होतो.

अकोल्याला परीक्षेत नव्याच मशिनी होत्या. अनसिंगचा गजानन आमच्यात सगळ्यात जलद. त्याने मान वर ठेवून, चाचांनी शिकवलं तसं, पान भरभर संपवलं. परीक्षकाने ते पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला. एक शब्द लागेना, तेव्हा पान गजाननकडे भिरकावलं. सगळे हसले. मीही हसलो.

निकालात आठांपैकी मी एकटाच पास. गजाननने ते पान चाचांसमोर टाकलं. "चाचा, तिथं अक्षरंच वेगळी होती!"

चाचा माझ्याकडे वळले. "तू तं पास झाला. तुले कोणती मशीन भेटली?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. खरं सांगितलं असतं, तर रविवारही सांगावे लागले असते.

"जुनीच," मी म्हणालो. "तुमच्यासारखी."

"पाय, याले जमलं!" चाचा गजाननवर ओरडले. "तुह्यी बोटंच हरामखोर!" आणि त्यांनी त्याच्या बोटांवर पट्टी मारली. गजानन बावीस वर्षांचा होता. त्याने हात मागे घेतला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला.

निघताना चाचांनी माझ्या सर्टिफिकेटची नक्कल मागितली. मी दिली. त्यांनी ती मशीनच्या वर, भिंतीवर खिळ्याने ठोकली. त्याच सर्टिफिकेटवर मला अमरावतीत सकाळची नोकरी मिळाली आणि कॉलेजची फी भरता आली. दोन वर्षं मी वाशीमला गेलो नाही. मशीनबद्दल चाचांना एक कार्ड टाकायचं दर सुट्टीत ठरवलं. टाकलं नाही.

परवा गजाननचंच कार्ड आलं. खाली सही आहे, बाकी चारच ओळी. चाचांनी या साली सहा पोरं परीक्षेला बसवली. सहाही नापास. सहावा त्यांचा स्वतःचा मुलगा, सलीम. सगळ्या बाजारासमोर त्याच्या बोटांवर पट्टी मारता मारता चाचा भिंतीकडे हात करून म्हणत होते, "तो रिठदचा पोरगा याच मशीनीवर पास झाला, तुले काहून जमत नाही?"