मांडीखाली हात

कोणीतरी तक्रार केलेली पोस्ट समोर आली, की दादा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. पन्नाशीचा माणूस, चष्मा नाकावर घसरलेला आणि हात मांडीखाली. नवीन आलेल्या पोरी फिदीफिदी हसायच्या. दादांना त्याचं काही नसायचं. "बोट डोळ्यापेक्षा फास्ट असतं," म्हणायचे. "त्याला बांधून ठेवायला लागतं."

आमचं ऑफिस मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वर. मोबाइलवर टीम करून खेळायचा एक लढाईचा गेम आहे. खेळणारे त्याच्या फोरमवर गप्पा मारतात, एकमेकांना डिवचतात, आयाबहिणी काढतात. ते सगळं वाचायचं, काय ठेवायचं आणि काय काढायचं ते ठरवायचं, कोणाचं खातं बंद करायचं तेही ठरवायचं. हेच आमचं काम.

मी गोवंडीची. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेली पहिली, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. वडील हातगाडी ओढायचे, आई चार घरची भांडी घासायची. पावसाळ्यात घरात पाणी शिरलं की माझी पुस्तकं आधी वर जायची, मग भांडी. ती मुलगी ऑफिसात बसून शिव्या वाचते हे कळल्यावर आई म्हणाली, "शिव्याच खायच्या होत्या तर नळावर उभी राहायचीस. पदवी कशाला घेतलीस?"

दादांना हे सांगितलं तर खो खो हसले. "बरोबर बोलतात गं तुझ्या आई. पण नळावर पगार देत नाहीत."

पहिल्या आठवड्यात मी धडाधड पोस्टी उडवत होते. शिवी दिसली की काढ. दादा खुर्ची सरकवत आले. "वरचं वाचलंस?"

"वरचं कशाला? शिवी तर इथे आहे."

"शिवी इथे आहे. भांडण वर आहे. वरचं वाच आधी."

वाचलं. दोन मालवणी दोस्त एकमेकांना प्रेमाने 'मेल्या' म्हणत होते आणि तिसऱ्याने उगाच तक्रार ठोकली होती. मी दोघांनाही बंद करायला निघाले होते.

ही सवय त्यांना कुठून लागली, ते एकदा चहाच्या टपरीवर बोलता बोलता निघालं. त्यांचे वडील गिरणीत. गिरणी बंद पडली तेव्हा दादा लहान होते. वडिलांना मुलुंडला वॉचमनची नोकरी मिळाली. घाटकोपरच्या खोलीत आले की शिव्या. आईला, पोरांना, भिंतीला. "आम्ही सगळे त्यांच्याशी बोलायचे बंद झालो," दादा म्हणाले. "म्हणजे बॅनच केला म्हण. दिवसभर सोसायटीतली पोरं त्यांना काय काय बोलायची, ते आम्हाला ते गेल्यावर कळलं." एवढं बोलून त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि विषय बदलला.

तुम्हीही असा माणूस कुठे ना कुठे पाहिला असेल. ज्याच्यामुळे काम हळू होतं आणि तरी ज्याच्याशेजारी बसायला बरं वाटतं.

मग ती बाई आली.

दुपारी खालून वॉचमनचा फोन आला. कुर्ल्याहून कोणी बाई आली आहे, मुलाचं खातं बंद झालंय म्हणते, जात नाही. खेळणाऱ्यांना भेटायचं नाही, आपण कोण ते सांगायचं नाही, असा आमच्याकडे कडक नियम. मॅनेजर मीटिंगमध्ये होते. दादा उठले. मी मागोमाग गेले.

बाई टपरीच्या बाकावर बसली होती, मांडीवर पर्स, हातात मोबाइल. तिच्या शेजारची एक मुलगी याच इस्टेटमध्ये कामाला होती, तिने पत्ता दिला होता. मोबाइलवर पाटी दिसत होती: हे खाते कायमचे बंद करण्यात आले आहे. वर मुलाचं खेळातलं नाव, कटिंगसम्राट.

"मला खेळायचं नाही हो," ती म्हणाली. "तो गेला. गेल्या महिन्यात. त्याचे मित्र सगळे याच्यात आहेत. खरं नाव एकाचंही मला माहीत नाही. त्यांना वाटतं तो फायनलला घाबरून पळाला. तो पळाला नव्हता. केमोला होता. एवढं फक्त सांगायचंय मला."

दादांनी तिच्यासाठी चहा सांगितला.

वर येऊन त्यांनी खातं बंद झालं त्या दिवसाचा धागा, म्हणजे एकाखाली एक आलेल्या सगळ्या पोस्टी, उघडला. हात मांडीखाली घेतले आणि खालून वर वाचत गेले. सगळ्यात खाली त्या मुलाच्या शिव्या, घाणेरड्या, टीममधल्या चौघांच्या आयांवरून. त्याच्या वर त्या चौघांचं दिवसभर चाललेलं: पळपुटा, फट्टू, आईच्या पदराखाली लपला. स्पर्धेचा दिवस होता तो. तक्रारींचा ढीग पडला होता, मॅनेजर मागे उभे राहून 'चला, उरका' करत होते. त्या एका दिवशी सगळ्यांनीच फक्त शिवी पाहिली होती. खातं ज्याने बंद केलं त्याचा स्टाफ नंबर कोपऱ्यात होता.

"माझो हात गो ह्यो," दादा म्हणाले. कामावर ते मालवणीत बोललेले मी तेव्हाच ऐकले. "आजारी पोर. शेवटाक मित्रांशी बोलूक पण मिळाला नाय तेका. मीच दार लावलंय."

मॅनेजर माणूस दुष्ट नव्हता. पण आमच्या धंद्यात मरण हा रोजचा बहाणा. बंद झालेलं खातं उघडून घ्यायला पोरं आजी मारतात, आई मारतात, स्वतःलाही मारतात. "उद्या गेटवर कोणीही येऊन रडेल," ते म्हणाले. "कायमचं बंद म्हणजे कायमचं."

एकच वाट होती. ज्याने बंद केलं त्यानेच लेखी कळवायचं, की माझा निर्णय चुकला. ही वाट कोणी घेत नसे. कायमच्या बंदीतली चूक स्वतःहून कबूल केली की कॉन्ट्रॅक्ट पुढे जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"दादा, तुमची लेक बारावीला आहे," मी म्हणाले. "नियमाने शिव्यांना बंदीच आहे. तुमची चूक धरता येणार नाही."

"नियमाची नाही. माझी आहे."

"मग मी लिहिते ना. मला दुसरी नोकरी मिळेल."

"तुझं बोट होतं का?" ते जवळजवळ ओरडलेच. मग हळू आवाजात म्हणाले, "जा बाय. तक्रारींची रांग वाढतेय."

त्यांनी लिहिलं. खाली जाऊन त्या बाईला भेटलो, हेही लपवलं नाही. मला मात्र त्यात कुठेच आणलं नाही.

महिनाअखेरीला दादांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. निरोप नाही, केक नाही. डबा, चष्म्याचं घर आणि पाठीला लावायची उशी एका पिशवीत घातली आणि जिन्याने खाली उतरले. दोनदा फोन केला, तेव्हा म्हणाले, बदलापूरला एका गोडाऊनमध्ये लागलोय, झकास आहे. तिसऱ्यांदा तो नंबर दुसऱ्याच कोणाचा तरी झाला होता. त्यांच्या खुर्चीवर आता एक हुशार मुलगा बसतो. त्याचं काम फार फास्ट आहे.

खातं दादा गेल्यावर उघडलं. उघडलेल्या खात्याची पहिली पोस्ट आधी आमच्याकडे तपासायला येते, ती माझ्या रांगेत आली.

"मी याची आई. तो पळाला नव्हता. हॉस्पिटलात होता. तुम्हाला शिव्या दिल्या त्याबद्दल मी माफी मागते. तो आता नाही."

मी ती जाऊ दिली.

दिवसभर खाली कोणी काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी एकाने पत्ता विचारला. तिच्या मुलाला पळपुटा म्हणणारे ते चौघंही पुढच्या रविवारी कुर्ल्याला तिच्या घरी जाऊन आले.