साहेब, गेला! साहेब, आला!

चार माणसं एका बंद खोलीत, एकाच मशीनसमोर वर्षानुवर्षं बसली की किस्से धुळीसारखे साचतात. धूळ निदान आम्ही रोज पुसायचो!

ऐंशीच्या दशकात नागपुरात कॉलेजांचे निकाल छापून देणाऱ्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये मी होतो. देशकर साहेब, प्रोग्राम लिहिणाऱ्या मेश्राम बाई, सावनेरचा ऑपरेटर वानखेडे आणि मी. मशीनमध्ये एक पहारेकरी प्रोग्राम होता. दर मिनिटाला तो निकालाच्या प्रोग्रामला विचारायचा, 'आहेस का?' उत्तर नाही आलं, की मेला समजून त्याला पुन्हा सुरू करायचा. एका उन्हाळ्यात हे दिवसातून दहादा व्हायला लागलं. दर वेळी छपाई पहिल्या रोल नंबरपासून!

*

साहेबांचा हुकूम होता, "प्रत्येक वेळी मला येऊन सांगा." वानखेडे दार ढकलून सांगायचा, "साहेब, गेला!" दोन मिनिटांनी, "साहेब, आला परत!"

एकदा कुहीच्या कॉलेजचे प्राचार्य साहेबांच्या केबिनमध्ये बसले होते. त्यांच्यादेखत प्रोग्राम तीनदा गेला, तीनदा आला. शेवटी ते हळूच म्हणाले, "देशकर, डॉक्टर कोण आहे हो तुमचा?"

*

मग मुंबईहून कंपनीचा इंजिनिअर आला. दोन दिवस प्रोग्राम एकदाही गेला नाही. तो 'मशीन ठीक' असा शेरा मारून स्टेशनवर गेला आणि इकडे प्रोग्राम गेला! वानखेडे म्हणाला, "पाहुण्यासमोर पोरं असेच शहाण्यासारखे बसते जी!"

*

बाईंनी मात्र एक वही सुरू केली. प्रोग्राम कधी गेला, तेव्हा खोलीत काय चाललं होतं, सगळं लिहायच्या. चौथ्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सव्वाअकराला तुम्ही काय करता?"

मी कबूल केलं. मशीनशेजारच्या प्लगमध्ये मी चहाची केटली लावायचो!

"आणि साडेतीनला?"

"तो साहेबांचा चहा."

बाईंनी केटली जप्त केली. दोन रिस्टार्ट कमी झाले. आठ उरले.

*

निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा होता. फाटकाशी पोरं येऊन विचारून जात होती. प्रिंटर खडखडत होता, वानखेडे घामाघूम होऊन कागद लावत होता. साहेबांनी बेल वाजवली. पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा स्वतःच तणतणत आले.

"वानखेडे! उत्तर द्यायला काय होतं? झोपलात का?"

"कामात होतो जी!" हे वानखेडेचं नेहमीचंच उत्तर.

तेवढ्यात बाई वहीतून मान वर करून ओरडल्या, "सापडलं!"

आम्ही सगळे त्यांच्याभोवती गोळा झालो.

"लांब यादी छापताना प्रोग्राम त्यातच गुंतलेला असतो. मिनिटभरात उत्तर देता येत नाही. साहेब, तो मरत नव्हता. काम करत होता. उत्तर आलं नाही म्हणून आपणच त्याला मारत होतो!"

त्यांनी पहारेकऱ्याच्या एका मिनिटाची पाच मिनिटं केली. त्या दिवशी यादी पहिल्यांदा शेवटच्या रोल नंबरपर्यंत गेली. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. साहेबांनी शेवटचा रोल नंबर बोट ठेवून दोनदा तपासला.

"एवढी साधी गोष्ट," ते म्हणाले, "मला आजवर कोणी सांगितली कशी नाही?"

प्रिंटरमागून वानखेडेचा आवाज आला, "अकरा वर्षांपासून मी दुसरं काय सांगून राहिलो जी!"